वेणीची खूण

माझं एक नाव आहे, ते आजवर कुणीही तोंडाने घेतलेलं नाही. उजव्या हाताचा पंजा गालाजवळ आणायचा आणि खांद्यावरून मागे न्यायचा, पुढे आलेली वेणी पाठीवर टाकावी तसा. झालं माझं नाव. ते माझ्या धाकट्या बहिणीने ठेवलं. तेव्हा ती चारेक वर्षांची होती आणि मी दहाची. ती जन्मापासून बधिर आहे. शाळेच्या दाखल्यावरचं माझं नाव तिच्यापर्यंत कधी पोचलंच नाही, म्हणून तिने आपल्या सोयीचं दुसरं केलं.

या नावाचा मला फार तोरा होता. शिरड शहापुरात तेव्हा माझ्याइतकी लांब वेणी दुसऱ्या कुणाची नव्हती. बाया आईला विचारायच्या, "काय लावता वो पोरीच्या डोक्याला?" आई म्हणायची, "काय लावून राहिले? खोबऱ्याचं तेल अन् माझे हात." आज मी पन्नाशीला टेकले. वेणीचं पार उंदराचं शेपूट झालंय. शाळेत शिकवायला जाताना तिची गुंडाळी करून क्लिप मारते आणि मोकळी होते. पण केस गळाले तरी नावातली वेणी काही गळत नाही, असं मी नवऱ्याला कित्येकदा ऐकवलंय. गेल्या वर्षीपर्यंत ऐकवत होते.

तिला ऐकू येत नाही हे कळलं ते हळद शिजवायच्या दिवसांत. अंगणात कढई लागली होती, गाडीवरून पत्र्याचं रिकामं पिंप खाली गडगडलं. कोंबड्या उडाल्या, माझ्या हातातला तांब्या पडला, वडील धावत आले. दीड वर्षाची ती पिंपाकडे पाठ करून मातीत बसली होती. ओल्या हळदीचं एक बोटूक घेऊन ती जमिनीवर रेघा काढत होती, आणि ते बोटूक काही थांबलं नाही. आईने मागे जाऊन टाळी वाजवली. मग ताट वाजवलं. मग खाली बसली आणि म्हणाली, "माय, लेकराला ऐकू येत न्हाई."

गावाने दोन दिवसांत तिला 'मुकी' करून टाकलं. माझा राग जन्मापासून नाकाच्या शेंड्यावर. 'मुकी' म्हणणाऱ्या एका पोराच्या दंडाला मी असा चावा घेतला की त्याची आजी आमच्या दारात येऊन तासभर बोलत होती. खरं तर ती मुकी नव्हतीच. तिच्याइतकं आमच्या गल्लीत कुणी बोलत नसेल, फक्त ते ऐकायला डोळे लागायचे. आणि तसे डोळे गावात माझ्याकडेच होते. आईला पंधरा-वीस खुणा यायच्या, जेव, झोप, शेताला चाल, मार खाशील एवढ्या. वडिलांना तर तेवढ्याही नाही. ते तिच्याशी मोठ्याने बोलायचे, आवाज वाढवला की आपोआप पोचेल असा त्यांचा समज होता.

आम्ही दोघींनी आमची भाषा केली, कुणालाही न विचारता. वसमत म्हणजे तळहातावर तळहात चोळायचा, कारण हळद तिथे विकायला जायची. बाळापूर म्हणजे मनगटावर बोटांची कडी, कारण आईने बाजारात तिथे आम्हाला बांगड्या भरल्या होत्या. औंढा म्हणजे नागाचा फणा. मास्तर म्हणजे पिळलेला कान. आई म्हणजे डोक्यावर ओढलेला पदर. एसटी म्हणजे दोन्ही हातांनी मोठं चाक फिरवायचं आणि अंग थोडं हलवायचं, कारण तेव्हाच्या रस्त्याने अंग हलल्याशिवाय कुठलीही गाडी पुढे जात नव्हती. रडणं म्हणजे डोळ्याखालून गालावर ओढलेलं बोट. ओट्यावर बसून आम्ही समोरच्या घरातल्या सासू-सुनांची भांडणं बघायचो आणि त्यांच्या देखत त्यांच्यावर हसायचो. त्यांना वाटायचं, लेकरं खेळताहेत.

भांडायचो तर काय विचारता! ती ओरबाडायची, मी केस ओढायचे. पण माझ्याकडे एक हत्यार होतं, ते तिच्याकडे नव्हतं. मी तोंड फिरवायचे. भिंतीकडे तोंड केलं की तिचं सगळं भांडण बंद. ती फिरून माझ्या पुढ्यात यायची, हात नाचवायची, मी पुन्हा दुसरीकडे वळायचे. ती पुन्हा पुढ्यात. मी डोळे मिटून घ्यायचे. मग ती माझ्या पापण्या बोटांनी उघडायला बघायची. अशा आम्ही अंगणात गरागरा फिरायचो आणि आई म्हणायची, "आता पुरं करा गं, मला भवंड येऊन राहिली तुमच्याकडं बघून." शेवटी एकजण तरी हसायची. बहुतेक वेळा मीच. मला ती मोठी गंमत वाटायची.

ती नऊ वर्षांची झाली तेव्हा कुणीतरी वडिलांना सांगितलं की परजिल्ह्यात अशा मुलांची शाळा आहे, राहायची सोय आहे. वडिलांनी दोन दिवसांत ठरवून टाकलं. मला विचारलं नाही, तिला तर विचारणार कसे? तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. शाळेची खूण आमच्याकडे होती, पण 'तिथेच राहायचं, दिवाळीला परत यायचं' हे सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. मी पेटी दाखवली, एसटी दाखवली, तिला दाखवलं. ती खुश झाली. तिला वाटलं, मीही येणार.

एसटी सुटली तेव्हा ती खिडकीत होती, वडिलांच्या मांडीवर. मी खाली, आईच्या शेजारी. गाडीचं दार लागलं आणि तिच्या लक्षात आलं की मी चढलेली नाही. तिचे दोन्ही हात खिडकीच्या गजातून बाहेर आले. ती काय बोलत होती ते मला नीट दिसत होतं: तू, चल, तू, चल. मी पाठ केली. गाडी जाईपर्यंत रस्त्याकडे पाहिलं नाही. मग आई मला ओढतच घरी घेऊन गेली.

दिवाळीला ती परत आली ती दुसरेच हात घेऊन. असे भराभर चालायचे की मला एकातून दुसरं सुटं करता येईना. बाई म्हणजे नाकातल्या चमकीच्या जागी बोट. पुरुष म्हणजे मिशी. दोन्ही हातांच्या बोटांनी ती एबीसीडी काढायची. मला शिकवायला बसली, अगदी मास्तरीण होऊन. माझं चुकलं की डोक्यावर हात मारून घ्यायची. मी दहावीत होते, हुशार म्हणून गावात नाव होतं, आणि हे टिकोजी मला शिकवणार! त्यातून तिने आईची खूण बदलली. पदर काढून टाकला आणि तिकडची काहीतरी दुसरी करायला लागली. मला फार लागलं ते. आम्ही इतक्या वर्षांत केलेली भाषा तिने लहान झालेला परकर काढून ठेवावा तशी काढून ठेवली होती. मी तिला सांगितलं, माझ्याशी बोलायचं तर आपलंच बोलायचं. ती माझ्याशी आपलंच बोलायला लागली. तेवढ्यात मी जिंकले असं मला वाटलं.

एका उन्हाळ्यात ती मैत्रिणीला घेऊन आली. मैत्रीणही बधिर, चष्मेवाली, तिच्याच खोलीत राहणारी. दोघी चार दिवस ओट्यावर बसून होत्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोघी पोट धरून हसत होत्या. मी विचारलं, काय झालं? बहिणीने हात हलवला, नंतर. ही खूण माझीच होती. ती लहान असताना घरात पाहुण्यांचं हसणं-खिदळणं चाललं की ती माझी बाही ओढायची आणि मी म्हणायचे, नंतर. ते नंतर कधी यायचं नाही हे तिला माहीत होतं, मला त्या दिवशी कळलं. मी चहा ठेवला, वेणी मागे टाकली आणि आत गेले.

मग माझं लग्न झालं, वसमतला आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पुढे तिचंही झालं. नवराही बधिर, नांदेडला छापखान्यात कामाला. त्यांचं घर मला बोलावून बोलावून थकलं. मी जायचे, नाही असं नाही. पण तिथे सगळे तिचे लोक असायचे. निरोप घ्यायला ते दारात उभे राहिले की पाऊण तास सहज जायचा, आणि मी चपला घालून उभी. माझ्यासाठी ती मधूनच थांबायची आणि आमच्या जुन्या भाषेत सांगायची: तो, हसला, बैल, पळाला. मोठ्या माणसाने लहान लेकराला सांगावं तसं. आमची भाषा मुळात लेकरांचीच होती. तिच्यात भूक होती, मार होता, बाजार होता, पण काळजी नव्हती, कंटाळा नव्हता, पस्तावा तर नव्हताच. ती तिकडे मोठी झाली आणि मी तिच्यासाठी सोळा वर्षांचीच राहिले.

दरवर्षी पहिलीच्या वर्गात नवी मुलं येतात आणि दिवाळीपर्यंत वाचायला लागतात. माझ्या हाताखालून अशी किती गेली असतील. माझ्या बहिणीची सव्वीस अक्षरं शिकायला मात्र मला सवड झाली नाही. सवडीचं निमित्तच होतं. मी रुसले होते, आणि रुसणं कुणी काढलं नाही की ते अंगात मुरतं. व्हिडिओ कॉल आल्यावरही तेच. मी एका हातात मोबाइल धरायचे, दुसऱ्या हाताने बोलायचे, तो हातही चौकटीबाहेर जायचा. ती सांगायची, डब्याला टेकवून ठेव, दोन्ही हात मोकळे कर. मी म्हणायचे, हो हो. पुढे पुढे कॉल कमी झाले आणि फुलांची चित्रं यायला लागली, सकाळी एक आणि सणाला एक.

अडीच वर्षांपूर्वी आई गेली. तेराव्याला घर भरलं होतं. बायका आईच्या गोष्टी सांगत होत्या, एकीकडे रडत होत्या, एकीकडे हसतही होत्या. बहीण कोपऱ्यात भिंतीला टेकून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. तिने माझा दंड दाबला: काय म्हणतेय मावशी? माझ्या हातात वाढपाचं भांडं होतं. मी म्हटलं, नंतर. ती त्याच संध्याकाळी नांदेडला गेली. त्यानंतर सणाला फूलही आलं नाही. आमच्या भाषेतल्या त्या पंधरा-वीस खुणा आईबरोबर गेल्या आणि उरलेली सगळी भाषा दोन माणसांवर आली. त्यातलं एक बोलेना. मी कधीकधी भाजी निवडताना हात थांबवून आठवून बघायचे: बाळापूर, औंढा, मास्तर. समोर नवऱ्याच्या टीव्हीवर बातम्या ओरडत असायच्या. एवढं एकटं मला माहेर सोडतानाही वाटलं नव्हतं. आपली बहीण जिवंत आहे, पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे, आणि आपण तिचे कोणी राहिलो की नाही हे विचारायला आपल्याकडे शब्द नाही, हे मी दीड वर्ष सोसलं.

आणि गेल्या वर्षी तिचा मेसेज आला. वसमतमध्येच बधिर लोकांचा मेळावा होता, आसपासच्या तीन जिल्ह्यांतले येणार होते, आणि सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. "रविवार ये. सगळ्यांना दाखवते माझी बहीण." मी तो मेसेज शाळेत तीनदा वाचला, घरी आल्यावर आणखी दोनदा. शनिवारी केसांना तेल लावलं. नवरा म्हणाला, "लग्नाला चालली का काय?" मी म्हटलं, "व्हय, तुमच्याच."

मंगल कार्यालयात दीडेकशे माणसं होती आणि एका आवाजाचा पत्ता नव्हता. म्हणजे आवाज होता, पण भलताच. मंडपवाल्याने सवयीने दोन मोठे स्पीकर लावून सनई सुरू केली होती. अख्ख्या हॉलमध्ये ती ऐकणारी मी एकटी. मी त्याला जाऊन म्हटलं, "अहो, ही कुणासाठी लावली?" तो कान खाजवत म्हणाला, "माझ्या ध्यानातच न्हाई आलं, मॅडम. बंद करू का?" मी म्हटलं, "राहू द्या." तेवढीच सोबत वाटली.

माणसं बोलत होती, सगळीकडे, सगळ्या बाजूंनी. खोलीच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी बोलत होती, मधल्या पन्नास जणांना त्रास न देता. दिवा दोनदा बंद-चालू झाला की सगळे पुढे बघायचे. कुणी चांगलं बोललं की शेकडो हात वर जाऊन पानांसारखे हलायचे. मी खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. माझ्याकडे बघून लोक हसत, काहीतरी विचारत, मी मान हलवायचे. मान हलवणं फार लवकर संपतं. मग मी मोबाइल काढला, मग तो ठेवला, मग पाणी प्यायले. आमच्या घरच्या लग्नाकार्यात ती अशीच बसायची, पर्स नसायची एवढंच. हे मला तिथे बसल्यावर दिसलं, त्याआधी दिसलं नाही, आणि याची लाज मला आजही वाटते.

जेवणाआधी ती मला पुढे घेऊन गेली. माझा हात धरून सगळ्यांकडे तोंड केलं आणि माझं नाव सांगितलं: पंजा गालाजवळून खांद्यावरून मागे. समोरच्या सगळ्यांनी ते उचललं. दीडशे माणसांनी एकाच वेळी माझं नाव घेतलं. मला वाटलं, आता रडू येतं की काय. रडू नको म्हणून मी विनोद केला. डोक्याची क्लिप काढली, ते उंदराचं शेपूट खांद्यावरून पुढे घेतलं आणि हाताने दाखवलं: बघा, केवढीशी राहिली!

कुणीच हसलं नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. बहिणीच्या कपाळाला आठी पडली. पहिल्या रांगेत ती चष्मेवाली मैत्रीण बसली होती, तीच, उन्हाळ्यातली, आता केस पांढरे. ती उठली, मला बाजूला घेऊन गेली, मोबाइल काढला आणि टाइप करायला लागली. बधिर माणसांचं लिहिणं आपल्यासारखं नसतं. मराठी त्यांची दुसरी भाषा, आपली इंग्रजी असते तशी. तिने लिहिलं होतं: "वेणी नाही. तुम्ही राग, तोंड फिरव. पाठ दिसते. म्हणून नाव."

मी दोनदा वाचलं. तिने मोबाइल परत घेतला आणि पुन्हा लिहिलं: "हॉस्टेल पहिला दिवस. ती हे नाव करते, रडते. मी विचार कोण? ती सांगते बहीण. भांडण, तोंड फिरव, मग माझे बोलणे बंद. इकडे येताना पण एसटी, बहीण तोंड फिरव. तोंड बघायचे राहिले."

मी बहिणीकडे वळले आणि माझं नाव केलं, मग वेणी हातात धरून दाखवली, भुवया वर करून: हे ना? तिने मान हलवली. नाही. तिने सावकाश करून दाखवलं. पंजा गालावरून मागे गेला, आणि त्याच्या मागोमाग हनुवटी बाजूला वळली आणि डोळे मिटले. हे मी चाळीस वर्षं बघत आले होते. प्रत्येक वेळी तिने माझं नाव घेतलं की तिची हनुवटी वळायची, डोळे मिटायचे. मला वाटायचं, माझा नखरा करतेय, वेणी टाकताना मी मान उडवते त्याची नक्कल. मी फक्त हात वाचत होते. त्यांची भाषा अर्धी चेहऱ्यावर असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला आलेल्या लेकराला मी टिकोजी म्हटलं होतं.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात मी वर्गात पोरांना अनुस्वाराचा फरक शिकवते. माझ्या बहिणीने मला नाव ठेवलं असं मी मिरवत होते. तिने चौथ्या वर्षी मला नावं ठेवली होती, आणि ती खरी होती. वेणी मुळात त्या खुणेत नव्हतीच असं नाही. वेणी म्हणजे मी पाठ केल्यावर तिला जे दिसायचं ते.

मग मी काय केलं? मला सांगायलाही लाज वाटते. मी वळले आणि दाराकडे चालायला लागले. दीडशे माणसांसमोर माझं नाव मी स्वतःच पुन्हा करून दाखवलं. चार पावलं गेले असेन आणि मागून फरशीवर धप्पकन पाय आपटल्याचा आवाज आला. एकमेकांना हाक मारायला ते पाय आपटतात, जमिनीतून कळतं. मला ते ऐकू आलं. मी थांबले. माझ्यासारख्या माणसाला पाठमोरं असतानाही हाक मारता येते, ही केवढी मोठी गोष्ट आहे! ज्याची पाठ वळली तरी बोलणं चालू राहतं असं माणूस मी. आणि माझी पाठ वळली की तिच्यासाठी दार लागायचं, कडी लागायची, दिवा विझायचा. अंगणात ती गरागरा फिरायची ती खेळत नव्हती. दार शोधत होती.

मी परत येऊन बसले. जेवले. पंगतीत कुणी काही विचारलं नाही, उलट चार जणांनी आग्रहाने जिलबी वाढली. सनई चालू होतीच.

संध्याकाळी मी तिला नांदेडच्या गाडीला सोडायला स्टँडवर गेले. तिचा नवरा सामान घेऊन पुढे जागा धरायला गेला. आम्ही दोघी कठड्यापाशी उभ्या. मला तिला सांगायचं होतं, आणि माझ्याकडे होती ती एवढीशी लेकरांची भाषा. मी कमरेइतका हात धरला: तू, एवढीशी. पेटी. एसटी, मोठं चाक, अंग हलवत. तू खिडकीत. ती बघत होती. मग मी माझं नाव केलं, आयुष्यात पहिल्यांदा हनुवटीसकट. आणि तोंड फिरवलं. पण या वेळी तिचा हात धरला होता, आणि फिरताना तिलाही माझ्याबरोबर ओढून पुढ्यात आणलं, जिथे त्या दिवशी कुणीच नव्हतं तिथे. तिथे मी डोळ्याखाली बोट ठेवलं आणि गालावरून खाली ओढलं. पुन्हा ओढलं. त्या दिवशी मी रागावले नव्हते. तू एकटी निघालीस आणि मी रडतेय हे तुला दिसू नये म्हणून पाठ केली होती. तुला दिसलं तर तूही रडशील, आणि गाडीत तुला गप्प करायला वडिलांना एकही खूण येत नव्हती.

एवढं सगळं माझ्या हातांना सांगता आलं का, मला माहीत नाही. बोट तेवढं गालावरून ओढत राहिले. ती माझ्या हाताकडे बघत नव्हती, चेहऱ्याकडे बघत होती. कंडक्टरने घंटी मारली, तिच्या नवऱ्याने खिडकीतून हात हलवला, आणि ती पळत जाऊन चढली.

गाडी हलली तेव्हा ती खिडकीशी आली. मी वळले नाही. तिने माझं नाव केलं: पंजा गालाजवळ, खांद्यावरून मागे. हनुवटी हलली नाही. डोळे उघडे होते. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत तिने ते दोनदा केलं, सरळ माझ्याकडे बघत, आणि मी तसंच तिच्याकडे बघत राहिले. आमच्या भाषेत एवढं मोठं बोलणं आमचं याआधी कधी झालं नव्हतं, आणि ती भाषा कळणारी जगातली दुसरी बाई त्या गाडीत बसून निघून गेली होती.